एक गिटार, शंभर वादक

‘ध्वनी’ हे प्रकरण शिकवताना वर्गात एक प्रश्न विचारून पाहावा. एका व्हायोलिनचा आवाज जेवढा मोठा ऐकू येतो, त्याच्या दुप्पट मोठा आवाज हवा असेल तर किती व्हायोलिने एकदम वाजवावी लागतील? बहुतेक मुले ‘दोन’ असे उत्तर देतील. खरे उत्तर आहे, सुमारे दहा. आणि चौपट मोठा आवाज हवा असेल तर सुमारे शंभर. हेच काम विजेच्या गिटारवर करायचे असेल तर वादकाने अ‍ॅम्प्लिफायरचे एक बटण फिरवले की पुरते.

मग ज्याच्या हाताशी हे बटण आहे आणि ज्याच्या कार्यक्रमाला हजारो तरुण गर्दी करतात, अशा रॉक संगीतकाराला शंभर माणसांच्या वाद्यवृंदाची ओढ का लागावी? ती लागल्यावर त्याच्या वाटेत कोणत्या अडचणी येतात? या प्रश्नांची उत्तरे संगीताइतकीच भौतिकशास्त्रातही आहेत. अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झॅपा यांचे उदाहरण त्यासाठी फार उपयोगी आहे. शिवाय त्या गोष्टीचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो.

मुंबईचा धागा

मुंबईत १९३५ साली मेहली मेहता या पारशी व्हायोलिनवादकाने ‘बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा’ सुरू केला. त्यांचा मुलगा झुबिन याचा जन्म १९३६ चा. घरातच वाद्यवृंदाचे संगीत ऐकत तो वाढला. डॉक्टर व्हावे म्हणून त्याला सेंट झेवियर्स महाविद्यालयात विज्ञान शाखेत घातले होते. पण १९५४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, तो अभ्यासक्रम सोडून झुबिन मेहता संगीत शिकण्यासाठी व्हिएन्नाला गेले. १९६२ साली ते लॉस एंजेलिसच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे संगीत संचालक झाले.

१५ मे १९७० रोजी त्याच शहरातील विद्यापीठाच्या ‘पॉली पॅव्हिलियन’ या क्रीडागृहात एक वेगळाच कार्यक्रम झाला. एका बाजूला मेहता आणि त्यांचा वाद्यवृंद, दुसऱ्या बाजूला झॅपा आणि त्यांचा रॉक गट ‘मदर्स ऑफ इन्व्हेन्शन’. बास्केटबॉलसाठी बांधलेल्या त्या इमारतीत हजारो श्रोते जमले होते. वाजवली जाणारी रचना झॅपा यांनी गटाबरोबरच्या दौऱ्यांत, गावोगावच्या मोटेलच्या खोल्यांत बसून लिहिली होती. पुढे १९७१ साली ती ‘टू हंड्रेड मोटेल्स’ या नावाच्या चित्रपटात आली.

रॉक गिटारवाल्याला एकाएकी अभिजात संगीताची हौस आली, असा या घटनेचा अर्थ अनेकांनी लावला. प्रत्यक्षात क्रम उलटा होता.

आधी व्हारेझ, मग रॉक

झॅपा यांचा जन्म १९४० चा. वडील संरक्षण विभागासाठी काम करणारे शास्त्रज्ञ होते. मुलाचे पहिले वाद्य होते ड्रम. शाळकरी वयात त्याने एका मासिकात एडगर व्हारेझ या संगीतकाराबद्दल वाचले. व्हारेझ यांची ‘आयोनायझेशन’ ही रचना (१९२९ ते १९३१) तेरा वादकांसाठी आहे आणि तिचा जवळजवळ सगळा भार आघाती वाद्यांवर आहे. ढोल, झांजा, घंटा आणि चक्क दोन सायरनही तिच्यात आहेत. मुलाने ती ध्वनिमुद्रिका शोधून विकत घेतली आणि पुन्हा पुन्हा ऐकली. पंधराव्या वाढदिवसाची भेट म्हणून त्याने काय मागावे? व्हारेझ यांना न्यूयॉर्कला दूरध्वनी करण्याची परवानगी! त्या दिवशी व्हारेझ युरोपात होते, त्यामुळे त्यांच्या पत्नीशीच बोलणे झाले. स्वरलेखन त्याने ग्रंथालयातल्या पुस्तकांवरून स्वतःच शिकून घेतले. पुढे १९६३ साली, म्हणजे पहिली रॉक तबकडी निघण्याआधी तीन वर्षे, त्यांच्या वाद्यवृंदासाठीच्या रचनांचा एक छोटा कार्यक्रमही लॉस एंजेलिसच्या एका महाविद्यालयात झाला होता. रॉक संगीताने त्यांना पैसा दिला आणि तो पैसा ते वाद्यवृंदावर खर्च करत राहिले.

ड्रम वाजवणाऱ्या मुलाला व्हारेझ का आवडावा, हे पाहताना ध्वनिशास्त्रातला एक मुद्दा समोर येतो. ताणलेली तार कंप पावते तेव्हा मूळ वारंवारतेबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे उपस्वरही निर्माण होतात. ते पूर्णांकी पटीत असल्यामुळे कानाला एक निश्चित स्वर ऐकू येतो. ताणलेल्या साध्या कातड्याचे उपस्वर मात्र मूळ वारंवारतेच्या १.५९, २.१४, २.३० अशा पटीत असतात. म्हणून साध्या ढोलाचा ‘सा’ कोणता हे सांगता येत नाही. तबला आणि मृदंग यांवरची शाई हीच अडचण दूर करते. शाईच्या वजनामुळे उपस्वर पूर्णांकी पटींच्या जवळ येतात, हे सी. व्ही. रामन आणि त्यांचे सहकारी शिवकाली कुमार यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिले.

युरोपच्या अभिजात संगीतात शतकानुशतके निश्चित स्वर, त्यांची धून आणि त्यांचा मेळ यांना मुख्य स्थान होते. ढोल-झांजा मागच्या रांगेत. विसाव्या शतकातल्या आधुनिक रचनाकारांनी हा क्रम बदलला. आवाजाचा पोत आणि लय यांनाच त्यांनी रचनेचा विषय केले. सायरनला तर ठरावीक स्वरच नसतात, त्याची वारंवारता सलग चढते आणि उतरते. पोत आणि लय हेच तर रॉक संगीतातल्या ड्रमचे आणि विजेच्या गिटारचे बलस्थान. म्हणून झॅपा यांना या दोन जगांत भिंत दिसली नाही, यात नवल नाही.

आवाजाचा हिशेब

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. दहा व्हायोलिने एकदम वाजली की ध्वनीची तीव्रता दहापट होते, हे बरोबर. पण आपला कान तीव्रतेच्या प्रमाणात ‘मोठेपणा’ मोजत नाही. तीव्रता दहापट झाली की पातळी १० डेसिबलने वाढते आणि आवाज साधारण दुप्पट मोठा झाल्यासारखा वाटतो. तीव्रता शंभरपट झाली की पातळी २० डेसिबलने वाढते आणि आवाज चौपट वाटतो. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती एक वॉटवरून शंभर वॉटवर नेली तरी वाढ तेवढीच, २० डेसिबल. म्हणजे एका बटणाची करामत ही नव्याण्णव जादा वादकांच्या मेहनतीइतकी आहे.

यातून दोघांना एका मंचावर बसवण्याची अडचण लगेच लक्षात येते. मोठ्या वाद्यवृंदात तंतुवाद्यांचे साधारण साठ वादक असतात : सोळा पहिली व्हायोलिने, चौदा दुसरी, बारा व्हायोला, दहा चेलो आणि आठ डबल बास. समजा, सभागृहाच्या मध्यावर या साठ जणांच्या आवाजाची पातळी ८५ डेसिबल आहे आणि रॉक गटाची १०५. फरक २० डेसिबल, म्हणजे तीव्रता शंभरपट. केवळ माणसे वाढवून बरोबरी साधायची तर साठाच्या जागी सहा हजार वादक लागतील! म्हणून एक तर रॉक गटाने आवाज उतरवायचा, नाही तर व्हायोलिनांसमोर मायक्रोफोन ठेवायचे. दुसरा उपाय केला की साठ जागांवरून येणारा आवाज दोन-चार कर्ण्यांतून येऊ लागतो, आणि वाद्यवृंदाचे जे वैशिष्ट्य, ते बरेचसे हरवते.

सोळा व्हायोलिने एकच स्वर का वाजवतात?

ते वैशिष्ट्य कोणते? सोळा जण एकच स्वर वाजवतात तेव्हा तो सोळा वेळा अगदी तोच स्वर नसतो. एकाची वारंवारता ४४० हर्ट्झ असेल, शेजाऱ्याची ४४१. अशा दोन स्वरांच्या मिश्रणात सेकंदाला एक या गतीने आवाज लहानमोठा होतो. यालाच आपण विस्पंद म्हणतो. सोळा जणांचे फरक वेगवेगळे, शिवाय प्रत्येकाचे बोट तारेवर सेकंदाला पाच-सहा वेळा हलत असते, त्यामुळे स्वर सतत थोडा वरखाली होत राहतो. एवढे सगळे विस्पंद एकमेकांत मिसळले की वेगळे मोजता येत नाहीत. कानाला जाणवते ती एक मऊ, भरीव झळाळी. एकच व्हायोलिन कितीही मोठे करून ऐकवले तरी ती मिळत नाही. गायनवृंद आणि एकटा गायक यांच्यातला फरकही हाच.

गंमत अशी की गिटारवादक पायाशी जी एक छोटी पेटी ठेवतात आणि जिला ‘कोरस’ म्हणतात, ती याचीच नक्कल करते. मूळ आवाजाची प्रत काढायची, ती सेकंदाच्या काही सहस्रांश भागांनी उशिरा आणि तो उशीर थोडा कमीजास्त करत पुन्हा मुळात मिसळायची. एका गिटारच्या अनेक गिटारी झाल्याचा भास होतो. म्हणजे विजेच्या वाद्यांनाही शंभर माणसांच्या किंचित चुकत्या एकीची ओढ आहेच.

कागदाशिवाय चालत नाही

रॉक गट बहुधा कानाने शिकतो. चार-पाच जण एका खोलीत महिनोन्महिने वाजवतात आणि रचना त्यांच्या हातात बसते. शंभर जणांना हे शक्य नाही. प्रत्येकासमोर त्याच्यापुरता लिहिलेला कागद हवा आणि संचालकासमोर सगळ्यांचा एकत्र स्वरलेख हवा. हा कागद हरवला तर काय होते?

इंग्लंडच्या ‘डीप पर्पल’ गटातले ऑर्गनवादक जॉन लॉर्ड यांनी रॉक गट आणि वाद्यवृंद यांच्यासाठी एक कॉन्चेर्टो लिहिला होता. २४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये माल्कम अर्नोल्ड यांच्या संचालनाखाली तो वाजला. पुढच्याच वर्षी स्वरलेख हरवला. गटातले वादक आपला भाग आठवून वाजवू शकले असते. पण वाद्यवृंद मुका झाला. शेवटी मार्को द ख्यू या डच संगीतकाराने ध्वनिमुद्रण ऐकत आणि चित्रफीत पाहत एकेका वाद्याचे सूर पुन्हा कागदावर उतरवले आणि १९९९ साली, पहिल्या कार्यक्रमानंतर तीस वर्षांनी, तो कॉन्चेर्टो त्याच सभागृहात पुन्हा वाजला. शंभर आवाजांच्या मिश्रणातून एकेक आवाज वेगळा काढणे किती कठीण असते, हे ध्वनीचे विश्लेषण करणाऱ्या कोणालाही विचारावे.

वेळेचा हिशेब

झॅपा यांच्या रचनांची मुख्य अडचण मात्र वेगळी होती. ती लयीची. आपल्याकडे तबला शिकणाऱ्याला आड, कुआड, बिआड या लयी ठाऊक असतात : दीडपट, सव्वापट आणि पावणेदोनपट. दोन मात्रांच्या जागेत तीन, चारांच्या जागेत पाच, चारांच्या जागेत सात. झॅपा असे विषम गट एकमेकांवर रचत, कधी गटाच्या पोटात दुसरा गट घालत.

एक उदाहरण घेऊ. मिनिटाला १२० मात्रांची गती असेल तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, चार मात्रा दोन सेकंदांच्या. तेवढ्यातच दुसऱ्या वादकाने सात समान ठोके द्यायचे असतील तर दर ठोका २८६ मिलिसेकंदांनी येईल. पहिल्या वादकाचे ठोके ०, ५००, १०००, १५०० या क्षणी. दुसऱ्याचे ०, २८६, ५७१, ८५७, ११४३, १४२९, १७१४ या क्षणी. पहिल्याचा ५०० वरचा आणि दुसऱ्याचा ५७१ वरचा, या दोन ठोक्यांत अंतर फक्त ७१ मिलिसेकंदांचे. ऐकणाऱ्याला बिआड समजायची असेल तर हे अंतर जपले पाहिजे.

आता मंच पाहा. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. वाद्यवृंदाचा मंच १७ मीटर रुंद असेल तर एका टोकाचा ठोका दुसऱ्या टोकाला पोचायला ५० मिलिसेकंद लागतात. म्हणजे जपायचे अंतर ७१ चे आणि केवळ हवेतून जाण्यात होणारा उशीर ५० चा! जो वादक कानावर विसंबून दुसऱ्या टोकाच्या ठोक्याशी जुळवून घेईल, त्याची लय बिघडलीच म्हणून समजा. चार पावलांवर उभ्या असलेल्या रॉक गटाला ही अडचण जवळजवळ नसते. तीन मीटरला फक्त ९ मिलिसेकंद लागतात.

म्हणूनच संचालक आणि त्याची छडी. छडीची हालचाल प्रकाशाच्या वेगाने पोचते, १७ मीटरला सेकंदाच्या एक कोटीव्या भागापेक्षाही कमी वेळात. मागच्या रांगेतल्या वादकाने कानापेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवायचा, ही सवय वर्षांच्या मेहनतीने लागते. नेहमीच्या लयीत ती उपयोगी पडते; पण सातावर चार, त्यात पुन्हा पाच, अशा रचनेत छडी केवळ मुख्य मात्रा दाखवते. मधले ठोके प्रत्येकाने मनातच मोजायचे. त्यासाठी एकच उपाय, भरपूर तालीम.

आणि तालीम महाग असते. समजा, पाच जणांच्या गटाने दौऱ्यापूर्वी २०० तास सराव केला. एकूण मनुष्यतास १०००. शंभर जणांच्या वाद्यवृंदाने तीन-तीन तासांच्या चार तालमी केल्या, तर मनुष्यतास होतात १२००. खर्च जास्त, पण प्रत्येक वादकाच्या वाट्याला ती रचना आली ती फक्त बारा तास. ज्या रचना वादकांनी विद्यार्थिदशेपासून वाजवलेल्या असतात त्यांना हे पुरते. अगदी नव्या रचनेला पुरत नाही.

झॅपा यांना हा अनुभव पुन्हा पुन्हा आला. जानेवारी १९८३ मध्ये त्यांनी स्वतःच्या खर्चाने लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राकडून आपल्या रचना ध्वनिमुद्रित करून घेतल्या. संचालक होते तरुण केंट नागानो. वादक उत्तम दर्जाचे होते, तरीही तालमी कमी पडल्या, असे झॅपा यांचे मत होते आणि नंतर मुद्रणात अनेक ठिकाणी जोडकाम करावे लागले. जानेवारी १९८४ मध्ये प्येर बुलेझ यांनी पॅरिसमध्ये त्यांची ‘द परफेक्ट स्ट्रेंजर’ ही रचना सादर केली. बुलेझ हे आधुनिक संगीतातले मोठे नाव; तरुणपणी गणित शिकलेले आणि लयीच्या बाबतीत अत्यंत काटेकोर. तिथेही तालमी अपुऱ्याच होत्या, असे झॅपा यांनी नंतर लिहिले.

यंत्र आणि माणूस

त्याच सुमारास त्यांच्या हाती ‘सिन्क्लाव्हिअर’ हे संगणकीय वाद्य आले होते. ध्वनिलहरीची उंची सेकंदाला हजारो वेळा मोजून ती आकड्यांच्या रूपात साठवायची आणि हवी तेव्हा, हव्या त्या स्वरात पुन्हा आवाजात बदलायची, हे त्याचे तत्त्व. या वाद्याला तालीम लागत नाही. त्याचे ठोके मिलिसेकंदाने हलत नाहीत. १९८६ साली निघालेली ‘जॅझ फ्रॉम हेल’ ही तबकडी जवळजवळ पूर्णपणे या यंत्रावर वाजवलेली आहे.

प्रश्न सुटला असे वाटावे. रचनाकाराने लिहिले आणि यंत्राने तंतोतंत वाजवले. पण सोळा व्हायोलिनांचा मुद्दा आठवा. वाद्यवृंदाची झळाळी ही किंचित न जुळण्यातून येते. शिवाय माणूस पुढचा सूर कुठे जाणार हे ओळखून आत्ताचा सूर वाजवतो, शेजाऱ्याचा श्वास पाहून आपला आवाज उतरवतो. यंत्र जसे सांगावे तसेच करते आणि जे सांगायला आपण विसरलो ते करत नाही.

१९९० साली झॅपा यांना कर्करोग झाल्याचे कळले. फ्रँकफर्टच्या ‘आन्साम्बल मोडर्न’ या वाद्यवृंदाने त्यांच्या रचना वाजवायचे ठरवले, तेव्हा काम सुरू झाले ते कार्यक्रमाच्या वर्षभर आधी. जुलै १९९१ मध्ये सगळे वादक लॉस एंजेलिसला जाऊन दोन आठवडे त्यांच्याबरोबर राबले. शंभर नव्हे, पंचवीसच्या आसपास वादक. पण प्रत्येकाला भरपूर तालीम. वरच्या हिशेबात हाच बदल हवा होता. सप्टेंबर १९९२ मध्ये फ्रँकफर्ट, बर्लिन आणि व्हिएन्ना येथे ‘द यलो शार्क’ या नावाने हे कार्यक्रम झाले. ‘जॅझ फ्रॉम हेल’मधली, माणसांना वाजवणे अशक्य समजली गेलेली एक अतिवेगवान रचना त्यांत माणसांनी वाजवली. आजारामुळे झॅपा सगळ्या कार्यक्रमांना हजर राहू शकले नाहीत. ध्वनिमुद्रिका नोव्हेंबर १९९३ मध्ये निघाली आणि ४ डिसेंबर १९९३ रोजी त्यांचे निधन झाले. मनात ऐकलेले संगीत हवेत ऐकायला मिळण्यासाठी एका माणसाला जवळजवळ सगळे आयुष्य आणि कमाईचा मोठा भाग द्यावा लागला.

मुंबईतही हेच घडले होते

ही अडचण फक्त अमेरिकेची नाही. गोव्याच्या माजोर्डे गावात १९२७ साली जन्मलेले अँथनी गोन्साल्विस १९४३ साली मुंबईत आले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवू लागले. पुढे ते नामांकित संयोजक झाले. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत असत. त्यामुळे कागद समोर ठेवला की वाजवू शकणारे वादक मुंबईच्या स्टुडिओंना गोव्यातून मिळत गेले. संगीतकार चाल देत आणि संयोजक ती साठ-सत्तर कागदांवर उतरवत. गोन्साल्विस यांच्या विद्यार्थ्यांत प्यारेलाल शर्मा आणि राहुल देव बर्मन होते. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) या चित्रपटातल्या प्रसिद्ध गाण्यात त्यांचे नाव आहे, ते प्यारेलाल यांनी आपल्या गुरूला केलेले वंदन.

या चित्रपटसंगीतातल्या माणसाचा ध्यास मात्र वेगळा होता. १९५८ साली त्यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात आपल्या रचना सादर केल्या. झुबिन मेहता चार वर्षांपूर्वी जिथून शिक्षण सोडून गेले होते, तेच हे महाविद्यालय. लता मंगेशकर आणि मन्ना डे यांचे गायन त्यात होते. सारंग आणि तोडी यांसारख्या रागांना वाद्यवृंदात बसवण्याचा तो प्रयत्न होता.

तोडीचेच उदाहरण घ्या. तोडीतला गंधार नेहमीच्या कोमल गंधारापेक्षाही किंचित उतरलेला असतो. व्हायोलिनला पडदे नसतात, त्यामुळे बोट केसभर सरकवून तो घेता येतो. क्लॅरिनेट किंवा ओबो या वाद्यांची छिद्रे आणि चाव्या मात्र सप्तकाचे बारा समान भाग धरून केलेल्या. तिथे तो गंधार घ्यायला ओठांच्या दाबाने स्वर वाकवावा लागतो, आणि तो सगळ्यांनी सारखाच वाकवायला हवा. मींड आली की अडचण आणखी वाढते. इथेही उपाय एकच, तालीम. आणि तालमीला लागतो पैसा आणि लागते कायमची संस्था. गोन्साल्विस यांचा वाद्यवृंद टिकला नाही. १९६५ साली ते अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. उत्तरायुष्यात माजोर्ड्याला परतले आणि २०१२ साली तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांनी संयोजित केलेली चित्रपटगीते आज घरोघरी वाजतात, ज्यासाठी त्यांनी वाद्यवृंद उभारला त्या रचना मात्र फार थोड्यांच्या कानी पडल्या.

मुंबईत कायमचा व्यावसायिक वाद्यवृंद उभा राहिला तो २००६ साली, एन. सी. पी. ए.च्या ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’च्या रूपाने. याच वाद्यवृंदाने झाकिर हुसेन (१९५१–२०२४) यांच्याकडून तबला आणि वाद्यवृंद यांच्यासाठी ‘पेशकार’ ही रचना करून घेतली आणि सप्टेंबर २०१५ मध्ये ती मुंबईत प्रथम वाजवली. संस्था असली म्हणजे काय शक्य होते, याचे हे उदाहरण.

वर्गात करून पाहण्यासारखे

या सगळ्यातला बराचसा भाग शाळेच्या मैदानावर दाखवता येतो.

१. दोन मोबाइल फोनवर स्वर निर्माण करणारे अ‍ॅप घ्या. एकावर ४४०, दुसऱ्यावर ४४१ हर्ट्झ लावा आणि विस्पंद मोजा. मग ४४३ लावा. सेकंदाला तीन विस्पंद येतात का, ते पाहा.

२. फोनवरच्या आवाजमापकाने एका मुलाचा ‘आ’ आणि मग त्याच अंतरावरून दहा मुलांचा ‘आ’ मोजा. फोनचा आकडा अचूक नसेल, पण फरक १० डेसिबलच्या आसपास यायला हवा.

३. मैदानात शिक्षकांपासून १७ आणि ३४ मीटरवर मुलांच्या रांगा उभ्या करा. शिक्षकांनी संथ, एकसारख्या लयीत ढोल वाजवावा. आधी मुलांनी डोळे मिटून, ऐकून टाळी द्यावी. ३४ मीटरवरच्या रांगेला ढोल एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो आणि त्यांची टाळी परत यायला तेवढाच वेळ लागतो. शिक्षकांना ती एक पंचमांश सेकंद मागे ऐकू येईल. मग डोळे उघडून, ढोलावर पडणारा हात पाहून टाळी द्यावी. उशीर निम्मा होतो. छडीचे काम मुलांच्या लक्षात येईल.

४. पाचावर चार. लसावि २०, म्हणून एक ते वीस अंक मोठ्याने मोजत राहा. एका गटाने १, ६, ११, १६ वर टाळी द्यायची, दुसऱ्याने १, ५, ९, १३, १७ वर. जमले की मोजणे थांबवून टाळ्या चालू ठेवा. मग चार आणि सातासाठी २८ अंकांची मांडणी मुलांनाच करू द्या.

आमच्या वसई भागातल्या शाळांना इथे एक सोय आहे. इथल्या ख्रिस्ती वस्त्यांत चर्चचे गायनवृंद आहेत आणि लग्नासमारंभात वाजणारे बँड आहेत. त्यांतली काही मुले आपल्याच वर्गात बसलेली असतात. त्यांतल्या एखाद्याला वर्गापुढे बोलवावे आणि मागच्या ओळीत उभे राहून वाजवताना तो कानावर विसंबतो की डोळ्यावर, एवढेच विचारावे. ध्वनीचा वेग त्याने मोजलेला नसेल, पण त्या वेगाशी त्याची गाठ रोज पडते.